खंडपीठ बदलले आणि परत आले

प्रतिवादीने आपला न्यायाधीश बदलून मागावा का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर उभा राहिला, ऑगस्ट २०१७ मध्ये. प्रतिवादी होते खुद्द राज्य सरकार.

ठाण्याच्या एका डॉक्टरांच्या आणि आवाज फाउंडेशनच्या जनहित याचिकांवर न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ मध्येच ध्वनिप्रदूषणाचे नियम काटेकोर पाळण्याचे आदेश दिले होते. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जाई. १० ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने नियम बदलला: राज्याने जाहीर केल्याखेरीज कुठलाच भाग शांतता क्षेत्र नाही. ही दुरुस्ती लागू होते का, यावर सुनावणी सुरू असतानाच चतुर्थीच्या आदल्या दिवशी, २४ तारखेला, सरकारने न्या. ओक पक्षपाती असल्याचा आरोप केला आणि प्रकरण दुसरीकडे द्यावे, असा अर्ज मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांच्याकडे केला. न्या. ओक यांनी बाजूला होण्यास नकार दिला. तरी मुख्य न्यायमूर्तींनी प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे वर्ग केले.

वकील संघटना खवळल्या. अवघ्या काही दिवसांत आदेश मागे घेतला गेला आणि न्या. ओक यांच्यासह तिघांचे पूर्णपीठ नेमले गेले. सरकारने बिनशर्त माफी मागितली. १ सप्टेंबरला पूर्णपीठाने दुरुस्तीला स्थगिती दिली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ तारखेला, विसर्जनाच्या आदल्या दिवशी, त्या स्थगितीलाच स्थगिती मिळाली.

म्हणजे सरकारला हवे ते शेवटी मिळाले, पण अपिलाच्या रस्त्याने: भर न्यायालयात, दुसऱ्या बाजूसमोर. २४ ऑगस्टला आरोप न करताही हा रस्ता खुला राहिला असता.

कोणते प्रकरण कुणाकडे जावे, हे ठरवण्याचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींचाच. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांच्या वाटपाबद्दल जानेवारी २०१८ मध्ये चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेऊन नाराजी मांडली, तरी जुलैमध्ये शांतिभूषण प्रकरणात सरन्यायाधीशांचा हा अधिकार कायम राहिला.

ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे गेली. जिल्ह्यातल्या श्रीपूरसारख्या गावच्या शेतकऱ्याचा मुंबईचा हेलपाटा वाचला. मात्र त्याची याचिका कुणापुढे लागावी, हे आजही मुख्य न्यायमूर्तीच ठरवतात. खालच्या कोर्टातला त्याचा दिवाणी दावा दुसरीकडे न्यायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली रीतसर अर्ज करावा लागतो; त्यावर समोरच्यालाही म्हणणे मांडता येते. तक्रारीला जागा असावीच. पण जी शिस्त शेतकऱ्याला लागू, तिच्यातून सरकारला सूट कशासाठी?