डोक्यावर आफ्रिका!

राजगडावर चढताना आजूबाजूला जे काळे थर दिसतात ना, ते लाव्हाचे. आधी वाहिलेला लाव्हा खाली, नंतरचा त्याच्यावर. म्हणजे जितकं वर जाल तितका खडक वयाने लहान. सोपा हिशोब!

हाच हिशोब घेऊन मॅटरहॉर्नवर गेलात, तर मात्र फसाल.

मॅटरहॉर्न हे आल्प्समधलं शिखर. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर, ४,४७८ मीटर उंच. त्याचा वरचा भाग फार जुन्या, कठीण खडकाचा आहे. आणि या म्हाताऱ्याच्या खाली कोण? त्याच्याहून कोट्यवधी वर्षांनी लहान असलेला समुद्राचा तळ!

डायनोसॉरांच्या काळात युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये एक समुद्र होता. मग आफ्रिकेकडची जमीन युरोपच्या दिशेने सरकू लागली. वेग असा, की मुंगीलाही हसू यावं: वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर! पण घाई कोणाला होती? समुद्र मधल्यामध्ये चेंगरला. त्याच्या तळाचा बराचसा भाग खोल गडप झाला, थोडा चुरगळून वर आला. आणि आफ्रिकेकडचा खडक सरकत सरकत थेट त्याच्या डोक्यावर येऊन बसला. आता सांगा, शिखरावर उभा राहिलेला माणूस नक्की कुठल्या खंडावर उभा असतो?

डोंगराला टोकदार आकार दिला तो हिमनद्यांनी. चारी बाजूंनी त्यांनी खडक खरवडून नेला. उरल्या चार भिंती आणि मध्ये सुळका. वारा सुटला की या सुळक्याच्या आडोशाला खालची दमट हवा वर ओढली जाते, गारठते आणि तिचा ढग होतो. बाकी आकाश निरभ्र आणि शिखराला मात्र झेंड्यासारखा चिकटलेला ढग, अशी गंमत तिथे दिसते.

१४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती पहिल्यांदा माथ्यावर पोचले. उतरताना दोर तुटला आणि चौघे दरीत कोसळले. तो तुटका दोर पायथ्याच्या झेरमाट गावातल्या संग्रहालयात आहे.

आता काळजी वेगळीच आहे. इथल्या फटींमधलं गोठलेलं पाणी खडकांना धरून ठेवतं. २००३ च्या कडक उन्हाळ्यात ते वितळलं, दरड कोसळली आणि वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. म्हणून शास्त्रज्ञांनी कड्यावर उपकरणं बसवली. कुठली फट किती रुंदावली, हे ती मोजतात.