मुरघासाचं विरजण

पनवेलच्या दमट हवेत हिरव्या मक्याचा ढीग दोन दिवसांत तापतो, बुरसतो. तोच कुट्टी करून, खड्ड्यात दाबून हवाबंद केला तर त्याचा मुरघास होतो आणि महिनोन्महिने टिकतो. कारण दह्याचंच: लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू मक्यातली साखर खाऊन चारा आंबवतात आणि सामू ४ च्या आसपास उतरला की कुजवणाऱ्यांचं काही चालत नाही. मग वरून मिसळायला अशा जिवाणूंचं विकतचं कल्चर कशाला? आक्षेप रास्त आहे. दाणा अर्धा चिकात असताना कापलेला मका आपसूकही मुरतो. पण विरजणाविना दूध दही होईल की नासेल, हा जुगारच. शिवाय खरी परीक्षा खड्डा उघडल्यावर: हवा लागताच यीस्ट माजतं, आणि तिथे काही कल्चरमधला, अ‍ॅसेटिक आम्लही बनवणारा बुकनेरी जिवाणू त्याला आवरतो. कल्चरने कालवडीचं वजन जादूने वाढत नाही, चाऱ्यातली ऊर्जा तेवढी वाचते. मक्यात प्रथिनं कमीच, तेव्हा पेंड द्यावीच लागेल.