दोरी ओढल्यावर पहिला प्रश्न कोणता?

मोटारीच्या असेंब्ली लाइनवर साधारण मिनिटाला एक गाडी पुढे सरकते. समजा, तुम्ही तिथं सीटबेल्टचे बोल्ट आवळताय आणि एक बोल्ट तिरका गेला. काढून पुन्हा बसवायला दीड मिनिट तरी हवं, आणि गाडी तर निघाली. बहुतेक कारखान्यांत अशा वेळचं उत्तर ठरलेलं असतं: जाऊ दे, पुढे कुणीतरी बघेल. एखाद्या कंपनीतलं वातावरण कसं आहे हे सहलीच्या फोटोंवरून कळत नाही. या एका मिनिटावरून कळतं.

टोयोटाच्या कारखान्यात लाइनच्या कडेने, हात वर केला की पोचेल अशी एक दोरी बांधलेली असे. आता बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी पिवळं बटण आलंय. या सगळ्या व्यवस्थेला अँडॉन म्हणतात. मूळ अर्थ कागदी कंदील. कल्पना मात्र मागावरची आहे. टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग सूत तुटलं की आपोआप थांबायचा. सूत तुटूनही माग चालत राहिला तर काय विणलं जातं, हे इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दोरी ओढली म्हणजे लाइन तिथल्या तिथं थांबते, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. आधी पिवळा दिवा लागतो, एक धून वाजते आणि वरच्या फलकावर त्या जागेचा नंबर उजळतो. गाडी सरकतच राहते. जमिनीवर आखलेल्या खुणेपर्यंत ती पोचायच्या आत टीम लीडरने हजर व्हायचं. अडचण सुटली तर तो पुन्हा दोरी ओढतो, दिवा विझतो आणि बाकीच्यांचं काम थांबतही नाही. सुटली नाही तर गाडी खुणेवर आली की दिवा लाल होतो आणि तेवढा टप्पा थांबतो. पुढच्या टप्प्याच्या आधी काही गाड्या शिलकीला ठेवलेल्या असतात, म्हणून सगळा कारखाना लगेच ठप्प होत नाही.

आता हिशेब बघा. मिनिटभरात पोचायचं तर लीडर जवळच हवा आणि त्याच्या हाताखाली माणसं मोजकी हवीत, पाच-सहा. पन्नास जणांवर एक सुपरवायझर नेमून हे जमायचं नाही. शिवाय त्या लीडरला हाताखालचं प्रत्येक काम स्वतः करता आलं पाहिजे, कारण तो आल्यावर आधी पाना हातात घेतो. ‘माणसं जपा’ असं भाषणात सांगणं फुकटात होतं. इथे त्यासाठी जादा लीडरांचा पगार मोजावा लागतो.

आणि तो आल्यावर काय विचारतो? ‘कुणी केलं?’ विचारलं की पुढच्या खेपेला दोरी कुणी ओढत नाही. ‘काय झालं?’ विचारलं तर ओढतात. सगळी गोम इथे आहे. दुसऱ्या प्रश्नाने जिगची, म्हणजे सुटा भाग नेमक्या जागी धरणाऱ्या साच्याची, झिजलेली पिन सापडते, पहिल्याने फक्त माणूस सापडतो.

हे जपानी माणसांनाच जमतं, असं म्हणायची सोय १९८४ नंतर राहिली नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. संप, भांडणं, आणि खाडे इतके की पाचातला एक जण कामावर नसे. टोयोटाने जीएमशी भागीदारी करून तोच कारखाना न्यूमी या नावाने पुन्हा उघडला. युनियन तीच, कामगारही बहुतांश तेच. लीडरांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला नेऊन लाइनवर उभं केलं. साहेबांचं वेगळं जेवणघर आणि राखीव पार्किंग गेलं. खाडे दोन टक्क्यांच्या आसपास आले.

पण खरी परीक्षा चार वर्षांनी झाली. गाड्यांची मागणी पडली, निम्म्याच्या थोडं वर काम उरलं. कंपनीने नोकऱ्या न घालवण्याचा शब्द दिला होता, तो पाळला; मोकळ्या हातांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामांना लावलं. माझ्या मते दोरीवर विश्वास बसला तो या काळात. आपण सुचवलेल्या सुधारणेने आपलीच नोकरी जाणार असेल, तर सुचवेल कोण?

हीच पद्धत जीएमने कॅलिफोर्नियातल्याच आपल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यातही आणून पाहिली. तिथे ती रुजली नाही. १९९२ मध्ये तो बंद झाला. दोरी बांधता येते, धून वाजवता येते. मॅनेजरला शाबासकी मात्र रोज किती गाड्या बाहेर पडल्या यावरच मिळत असेल, तर थांबलेली लाइन त्याला गुन्हाच वाटणार.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी हेच बटण पाहिलं होतं. छान बसवलेलं, वर मराठीत सूचनाही लिहिलेली. मालक कौतुकाने म्हणाले, “बघा, वर्ष झालं, एकदाही दाबायची वेळ आली नाही.” मशीनपाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरकडे मी पाहिलं. तो कापडाने हात पुसत होता, आणि बटणावरचं मूळ प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.