केशर-दुधाने बाळ गोरं होत नाही

दिवस गेलेल्या बाईला घरोघरी अजूनही सल्ला मिळतो: केशर घालून दूध पी, बाळ गोरं होईल. केशराचा बाळाच्या रंगाशी काहीही संबंध नाही. रंग आईवडिलांकडून आलेल्या कित्येक जनुकांवर ठरतो, म्हणूनच सख्ख्या बहिणींतली एक सावळी, दुसरी उजळ निघते. त्यासाठी आईला बोल लावणं हा निव्वळ अन्याय आहे.

गोऱ्या माणसात रंग बनवणाऱ्या पेशीच कमी असतात, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात या मेलॅनोसाइट पेशींची संख्या सगळ्यांत जवळपास सारखीच असते. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य किती आणि कोणत्या प्रकारचं बनवतात, त्याचे कण केवढे असतात, यावर रंग ठरतो.

पूर्वज उन्हात रापले म्हणून आपण काळे, हेही खरं नाही. रापलेपण वारशाने येत नाही. नीना जब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या शास्त्रज्ञांनी 2000 साली मांडलेलं स्पष्टीकरण आज बहुतेक संशोधक मानतात. प्रखर अतिनील किरणांनी शरीरातलं फोलेट हे जीवनसत्त्व नष्ट होतं आणि गर्भाच्या मज्जारज्जूच्या वाढीला फोलेट लागतंच. त्यामुळे विषुववृत्ताजवळ गडद त्वचा टिकली. उत्तरेकडच्या मंद उन्हात मात्र ड जीवनसत्त्व तयार व्हायला फिकी त्वचा सोयीची ठरली. आर्क्टिकमधले इन्यूइट तितके फिके नाहीत, कारण मासे आणि सागरी प्राण्यांच्या आहारातून त्यांना ते जीवनसत्त्व भरपूर मिळत आलं आहे.

युरोपातले लोक पहिल्यापासून गोरे होते, हा समजही प्राचीन डीएनएने मोडला. स्पेनमध्ये सुमारे 7000 वर्षांपूर्वी राहणाऱ्या एका शिकाऱ्याची जनुकं 2014 साली वाचली गेली, तेव्हा गडद त्वचा आणि निळे डोळे असं रूप समोर आलं.

रंगावरून वंश ओळखण्याचा आग्रह तर सर्वांत घातक. मेलानेशियातले लोक आफ्रिकी लोकांसारखे काळे दिसतात, पण जनुकीय नात्याने ते आशियाई लोकांना जवळचे आहेत. उलट, एसएलसी24ए5 या जनुकाचा त्वचा उजळ करणारा प्रकार भारतीयांत आणि युरोपियनांत एकाच मुळातून आलेला आहे, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने 2013 मध्ये दाखवलं.

तरीही गोरेपणासाठी स्टेरॉइडयुक्त मलमं सर्रास चेहऱ्यावर चोळली जातात. त्यांनी त्वचा पातळ होते, मुरमं येतात, चेहऱ्यावर लव वाढते. आणि मलम थांबवताच आग आणि लाली उसळते, म्हणून मुली ते पुन्हा लावत राहतात. असं मलम बराच काळ लावलं असेल, तर ते स्वतःच्या मनाने बंद करण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.