एक दिवस अचलपूरचा, आजीच्या पावलाने

थंडी पडू लागली की अमरावती-अकोल्याकडील घरांत सहलीचे बेत सुरू होतात. बेत बहुधा चिखलदऱ्याचा असतो आणि घरातील वृद्ध व्यक्ती बहुधा मागे राहते. "माझे गुडघे दुखतात, तुम्ही जाऊन या," हे उद्गार दर हिवाळ्यात माझ्या कानी पडतात. त्यांत गुडघ्यांच्या दुखण्याहून मोठी असते ती आपल्यापायी सर्वांना थांबावे लागेल ही धास्ती. तिच्यावर गोळी नाही. बेत बदलणे हाच उपाय आहे. चिखलदऱ्याला जाताना ज्या गावाला आपण गाडीच्या काचेतूनच पाहतो, त्या अचलपूरला यंदा एक पूर्ण दिवस द्यावा, अशी माझी सूचना आहे.

अमरावतीहून हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. अकोल्याहून अकोट-अंजनगावमार्गे जाता येते. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी नॅरोगेज 'शकुंतला' आता धावत नाही. एसटी किंवा स्वतःचे वाहन हेच साधन. वाटेत घाट नसल्याने मळमळीचा त्रास असणाऱ्यांनाही हा प्रवास सोसतो.

विस्मृतीत गेलेली राजधानी

लीळाचरित्रात 'अळजपूर' आणि इंग्रजी अमदानीत 'एलिचपूर' म्हणून येणारे हे गाव एके काळी वऱ्हाडची राजधानी होते. बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर १४९० मध्ये फत्तुल्ला इमाद-उल-मुल्क याने येथे इमादशाही स्थापन केली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती जिंकून घेतली. त्या वैभवाच्या खुणा म्हणजे जुने दरवाजे, तटबंदीचे अवशेष आणि गावाबाहेरचा हौज कटोरा. वर्तुळाकार हौदाच्या मधोमध उभा असलेला हा अष्टकोनी, कमानदार मनोरा जिल्ह्यातील कित्येकांनी अद्याप पाहिलेला नाही.

दिवसाची आखणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वऱ्हाडातील उन्हाळा अशा भटकंतीसाठी नव्हे. सकाळी लवकर निघावे आणि कोवळ्या उन्हात प्रथम हौज कटोरा पाहावा. तेथून गावात येऊन दुल्हा गेट आणि जुन्या वस्तीतील गल्ल्या पायी पाहाव्यात. बिच्छन नदीच्या काठी दुल्हा रहमान यांचा जुना दर्गा आहे. दुपारी जेवण आणि तासभर विश्रांती. उतरत्या उन्हात परतवाड्याच्या बाजारातून फेरफटका मारून दिवे लागणीपूर्वी घरची वाट धरावी. मुक्तागिरीची ५२ जैन मंदिरे येथून जवळच आहेत. परंतु तेथे बऱ्याच पायऱ्या आहेत. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्याहून उतरणे अधिक जाचते. म्हणून ते दर्शन याच दिवसात कोंबू नये.

चालताना वेग घरातील सर्वांत संथ व्यक्तीने ठरवावा आणि तिला सर्वांच्या पुढे ठेवावे. ती मागे राहिली, की इतरांना गाठण्यासाठी धापा टाकते. दर पंधरा-वीस मिनिटांनी कोणी न सांगता सर्वांनीच बसावे. काठी लागत असेल तर ती संकोच न करता सोबत घ्यावी. छातीत दडपण, असह्य धाप किंवा भोवळ जाणवल्यास मात्र तेथेच थांबावे आणि रुग्णालय गाठावे. अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे.

तीन गोष्टींची विशेष काळजी

पहिली गोष्ट तळपायांची. दर्गा असो वा मंदिर, पादत्राणे बाहेर काढावी लागतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असते. दुपारी तापलेल्या फरशीवर त्यांचे तळवे भाजतात आणि ते त्यांना समजतही नाही. पुढे त्याच फोडाची चिघळलेली जखम होते. म्हणून अशी ठिकाणे फरशी तापण्यापूर्वी पाहावीत, जाड सुती मोजे घालावेत आणि घरी आल्यावर उजेडात दोन्ही तळवे तपासावेत. वाकणे जमत नसेल तर हे काम नातवाकडे द्यावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने आपल्या आया-आज्या प्रवासात पाणीच पीत नाहीत. परिणामी चक्कर, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता मागे लागते. स्वच्छतागृहाचे थांबे निघण्यापूर्वीच ठरवून त्यांना सांगावेत. मग पाण्याचा आग्रह करावा लागत नाही.

तिसरी गोष्ट औषधे व आहाराची. सहलीच्या दिवशी रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने टाळू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाची काही औषधे घेणाऱ्यांचे जेवण लांबले, तर रक्तातील साखर घसरून घाम सुटतो, हातपाय कापतात. खिशात ग्लुकोज किंवा साखर असावी. या भागातील संत्री मधुमेहींनी रस न काढता फोडी खाऊनच चाखावीत, तीही एखादेच. झुणका-भाकर सर्वांना चालते. तर्रीदार रश्शावर मात्र पित्तप्रकृतीच्या मंडळींनी संयम ठेवावा.

एका दिवसाने काय होते?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. एका सहलीने ती भरपाई होत नाही. मात्र "मला चालवतच नाही" असे समजून घरात बसलेली व्यक्ती त्या दिवशी थांबत-थांबत दीड-दोन किलोमीटर चालते आणि ते तिचे तिलाच कळते. दुसऱ्या आठवड्यात घराजवळच्या देवळापर्यंत चालत जाण्याचे धैर्य तिला त्यातूनच येते. तोवर तिच्यासोबत रोज पंधरा मिनिटे चालणारे कोणी घरात हवे. ते कोण असेल, हे परतीच्या गाडीतच ठरवून टाका.