ससून डॉक: भिंतीवरची कला गोदामात

रस्त्यावरची चित्रं प्रदर्शनात गेली की त्यांची धार बोथट होते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये २०१७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरलेलं प्रदर्शन आठवलं, की ती तक्रार मला पटत नाही.

१८७५ साली बांधलेली ही गोदी. रस्त्यावरच्या कलेसाठी काम करणाऱ्या स्टार्ट इंडिया फाउंडेशनने तिथली गोदामाची जुनी इमारत देशोदेशीच्या कलाकारांना मोकळी करून दिली. एरवी भिंती रंगवणाऱ्यांना इथे खोल्या मिळाल्या, आणि खोली मिळाली की प्रकाश, आवाज, वास हेही कलेचं सामान होतं. सिंगापूरच्या तान झी शी हिने प्लास्टिकचा कचरा माणसांच्या डोक्यावर टांगला. त्याखालून चालताना बघणारा समुद्राच्या तळाशी उभा असतो. पिशव्या, बाटल्या, डबे वर तरंगत असतात. मासळीवर जगणाऱ्या गोदीत हे काम असणं फार नेमकं होतं.

बाहेर ऑस्ट्रेलियाच्या गिडो व्हॅन हेल्टनने कोळणींची भव्य चित्रं रंगवली. फ्रेंच कलाकार जेआरच्या ‘इनसाइड आउट’ उपक्रमातून गोदीतल्या माणसांचे कृष्णधवल फोटो इमारतीवर डकवले गेले. फोटो डकवणं म्हणजे कागद आणि खळ, एवढंच. पावसात ते जाणारच.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती जागेची निवड. कामकाज चालू असलेल्या गोदीतलं हे प्रदर्शन. पहाटेचा लिलाव, बर्फाच्या गाड्या, कोळंबी सोलणाऱ्या बायका, सगळं तिथलंच, रोजचं.