मचव्याचें जुनें इंजिन विकत घेतांना

१९५० नंतरच्या दशकांत शिडाच्या होड्यांना इंजिनें बसूं लागलीं, आणि वेसावे, मढ, मनोरी, गोराई या मुंबईच्या उपनगरांतील कोळीवाड्यांत वारा व भरती-ओहोटी यांच्या ज्ञानाबरोबर यंत्राची पारख हीहि नाखव्याची विद्या होऊन बसली. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, जाळीं दुरुस्त होत असतात, आणि नवें इंजिन परवडत नसेल तर जुनें शोधण्यास हाच अवकाश मिळतो. जुनें इंजिन घेण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. नीट राखलेलें यंत्र पुष्कळ वर्षें इमानानें काम देतें. परंतु त्याच्या किंमतीसाठीं बहुधा कर्ज काढलेलें असतें किंवा घरांतलें सोनें गहाण पडलेलें असतें. आणि भर समुद्रांत तें बंद पडलें तर तांडेलाचा व खलाशांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं एक दिवस परीक्षेसाठीं खर्च करणें हें शहाणपणाचें होय.

ही परीक्षा कोठून सुरू करावी, हें थंड देशांतील नाविकांच्या एका प्रश्नावरून चांगलें समजतें. तेथें जुनें इंजिन घेणारा मनुष्य प्रथम विचारतो, ‘हिवाळ्यांत यांतलें पाणी काढून ठेवलें होतें काय?’ या प्रश्नाचें कारण असें : इंजिन थंड राखण्यासाठीं सिलिंडरच्या भोंवतीं बिडाच्या ओतकामांतच पोकळ वाटा ठेवलेल्या असतात व त्यांतून पाणी फिरत असतें. पाणी गोठलें म्हणजे तें सुमारें शेंकडा ९ नें फुगतें. म्हणजे ११ शेर पाण्याचें बर्फ जवळजवळ १२ शेर पाण्याची जागा मागतें. बीड दाब चांगला सोसतें, पण ताण त्याला सोसत नाहीं. बंद पोकळींत अडकलेलें पाणी एका रात्रींत गोठलें कीं बिडाला तडा जातो. पुढें उन्हाळ्यांत बर्फ वितळून जातें, वरून रंगाचा हात फिरतो, आणि तो तडा नव्या मालकाची वाट पाहत राहतो.

मुंबईस हें संकट ठाऊक नाहीं. अंधेरीच्या शेजारीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत २२ जानेवारी १९६२ रोजीं ७.४ अंश सेल्सिअस इतका पारा उतरला होता, आणि तेवढी थंडीहि संस्मरणीय ठरली. पाणी गोठण्यास शून्य अंश लागतात व समुद्राच्या पाण्यास त्याहूनहि सुमारें दोन अंश खालीं जावें लागतें. तेव्हां ‘आपल्याकडे बर्फ कोठून?’ असें म्हणून ही तपासणी सोडून देण्याकडे घेणाऱ्याची प्रवृत्ति होते. दोन कारणांनीं ती चुकीची आहे.

पहिलें कारण असें कीं, यंत्र येथें विकलें जातें म्हणून तें येथलेंच असतें असें नाहीं. मुंबईच्या दारुखान्यांत मोडलेल्या जहाजांचें सामान विकलें जातें. अशा जहाजाच्या जीवरक्षक होडीचें इंजिन उत्तरेकडील गोठणाऱ्या बंदरांतून हिंडून आलेलें असूं शकतें. त्याचा पूर्वेतिहास कोणी सांगूं शकत नाहीं. तो बिडालाच विचारावा लागतो.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. थंड देशांत हिवाळ्यांत इंजिन निजतें, तसें तें कोंकणांत पावसाळ्यांत निजतें. पोकळ वाटांत खारें पाणी तसेंच राहिलें तर बर्फ एका रात्रींत करतें तें काम मीठ दोन-चार पावसाळ्यांत करतें. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांच्या संगतीनें बीड झपाट्यानें गंजतें, आणि गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. दोन भागांच्या सांध्यांत तो पाचरीसारखा शिरतो. अरुंद वाटांत त्याचे पापुद्रे सुटून पाण्याचा मार्ग अडतो. शिवाय पाणी फार तापलें तर त्यांतील चुन्याचे क्षार भिंतीला चिकटून कठीण थर धरतात, व त्या थरामुळें उष्णता बाहेर पडेनाशी होते. बाहेरून चकचकीत दिसणारी भिंत आंतून कागदासारखी पातळ झालेली असूं शकते. दोन्ही इजांचें ठिकाण एकच : जेथें पाणी सांचून राहिलें तें. म्हणून दोन्हींची परीक्षाहि एकाच मार्गानें होते.

घेणाऱ्यानें शक्यतों सकाळीं जावें व इंजिन आधीं चालवूं नये असें विकणाऱ्यास सांगून ठेवावें. पोंचतांच बिडावर हात ठेवावा. तें कोमट लागलें तर कोणीतरी आधींच चालवून ठेवलें आहे असें समजावें. तापलेलें इंजिन आपली सुरू होण्यांतली खोड लपवितें. मग विजेरी घेऊन ब्लॉकच्या दोन्ही बाजू निरखाव्यात. बर्फाचा तडा पुष्कळदां पाण्याच्या वाटेच्या बाहेरील भिंतीवर आडवा, केंसासारखा बारीक धांवतो. सगळें यंत्र जुनें व एकच पट्टा ताज्या रंगाचा, अथवा रंगाखालीं डाख किंवा लांबी यांचा उंचवटा बोटाला लागत असेल, तर तेथें रंग खरवडून पहावें. ब्लॉकच्या अंगावर पत्र्याचीं गोल बुचें बसविलेलीं असतात. ओतकामांतील वाळू काढण्याच्या भोंकांवर तीं असतात. पाणी गोठतांना तीं कधीं कधीं बाहेर ढकललीं जातात. पण बूच सुटलें म्हणजे ब्लॉक वांचला असें मात्र मानूं नये. एखादेंच बूच नवें दिसलें तर कारण विचारावें. बुचाच्या कडेनें गंजाचे ओघळ असतील तर आंतली स्थिति निराळी सांगावयास नको.

यानंतर तेलाची पाळी. तेल मोजण्याची पट्टी ओढून पहावी. तेल दुधाच्या चहासारखें किंवा ताकासारखें दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे. तेल भरण्याच्या झांकणाखालीं थोडा पांढरट साका दमट हवेनेंहि धरतो. तेवढ्यावरून निकाल देऊं नये. तेल नुकतेंच बदललेलें असेल तर पट्टी साक्ष देणार नाहीं. अशा वेळीं रात्रभर थांबलेल्या इंजिनाच्या तळाचा बोल्ट किंचित् सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्यामुळें, तें असेल तर तेलाच्या आधीं बाहेर येतें.

मग पाण्याच्या वाटेवरील खालचा बोल्ट काढून आंत जाड तार घालून पहावी. गंजाचे तुकडे व मिठाचे खडे निघाले तर पावसाळ्यांत कोणी पाणी काढलें नव्हतें हें उघड झालें. जेथें धूर व थंड करणारें पाणी एकत्र होतात तो धुराड्याचा बांक शक्य तर उतरवून पहावा. तो फार लवकर झिजतो, आणि तेथून पाणी मागें सिलिंडरांत शिरूं शकतें. कांहीं इंजिनांत जस्ताचा तुकडा बसविलेला असतो. खारें पाणी लोखंडाऐवजीं त्याला खातें, म्हणून तो वेळोवेळीं बदलावा लागतो. तो पार नाहींसा झाला असेल तर मालकाची निगा किती होती तें कळतें.

सर्वांत निर्णायक परीक्षा दाबाची. पाण्याच्या सर्व वाटा बंद करून, आंत पाणी भरून, हातपंपानें चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलो दाब द्यावा व कांटा पंधरा-वीस मिनिटें पाहत रहावें. कांटा उतरला तर पाणी कोठेंतरी वाट काढीत आहे. बाहेर थेंब दिसत नसेल तर गळती आंत आहे, आणि तीच अधिक महाग असते. नंतर नोझल काढून इंजिन हातानें फिरवावें. पाणी दबत नाहीं, म्हणून सिलिंडरांत पाणी असतां यंत्र एकदम सुरू केलें तर दांडाहि वांकतो. त्याच वेळीं मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. सगळ्यांचा सारखा असेल तर समाधान. एखाद्याचा बराच कमी भरला तर गॅस्केट, झडप किंवा तडा यांचा शोध घ्यावा.

शेवटीं इंजिन होडींत बसलेलें असेल व बंदी उठलेली असेल, तर तें खाडींत तासभर ओझ्याखालीं चालवून पहावें. रिकामें फिरणारें यंत्र सहसा तक्रार करीत नाहीं. उष्णतेचा कांटा स्थिर आहे काय, बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार भरघोस आहे काय, गरम झाल्यावरहि पांढरा धूर येत राहतो काय, आणि टाकींतील पाण्यांत बुडबुडे उठतात काय, या चार गोष्टी पहाव्यात. विकणारा यांपैकीं कोणत्याहि परीक्षेस नकार देत असेल, तर तो नकार हाच परीक्षेचा निकाल समजावा.

एवढें करून घेतलेलें इंजिन पुढें राखणेंहि तितकेंच सोपें आहे. हंगाम संपतांच वाटांतून भरपूर गोडें पाणी फिरवावें, खालचे बोल्ट काढून सगळें पाणी निथळूं द्यावें, जस्ताचा तुकडा पहावा व तेल बदलावें. एका दिवसाचें हें काम आहे. होडी शाकारतांना जो नाखवा तें करतो, त्याचें इंजिन नारळी पौर्णिमेनंतर त्याला दगा देण्याचें कारण उरत नाहीं. आणि पुढें तें विकावयाचें झालेंच, तर घेणाऱ्याच्या विजेरीला तोंड द्यावयास त्याला संकोच वाटत नाहीं.